तोंडचा शब्द

स्टुलावर चढून तिने दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात प्रार्थनेच्या तेलाचं बोट टेकवलं, क्रूसाची उभी रेघ ओढली, मग आडवी. खिडक्या झाल्या होत्या. आता मोरीची जाळी तेवढी राहिली होती.

"खाली उतर," नवरा म्हणाला. तो दिवसभर लिफ्टच्या बोगद्यांत लोंबकळून काम करायचा, पण सातव्या महिन्यातल्या बायकोला स्टुलावर पाहून तो धावत येऊन स्टूल धरायचा. "आणि मोरीत कशाला? मोरीतून शाप येतो का?"

"झुरळं येतात ना?"

तो हसला. ती हसली नाही. त्याच्या खांद्याला धरून ती उतरली आणि मोरीकडे गेली.

अडीच वर्षांपूर्वी, सासूबाईंना माती देऊन सगळे परतले होते, त्या संध्याकाळी मोठी जाऊ भरल्या घरात तिच्यासमोर उभी राहिली होती. आवाज न चढवता म्हणाली होती, "तुझ्या घरात पाळणा हलायचा नाही." त्यानंतर धाकटीला दोन वेळा दिवस गेले. एकदा तिसऱ्या महिन्यात संपलं, एकदा पाचव्या. दोन्ही घरांतलं येणं-जाणं बंद झालं. मोठी जाऊ दुसऱ्या चर्चमध्ये जाऊ लागली. या घरात तिचं नावही निघत नसे.

पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती. "सगळे शाप प्रभूने स्वतःच्या अंगावर घेतले, बाळ. तुझ्या वाट्याला एकही उरलेला नाही." चर्चमध्ये असेपर्यंत ते पटायचं. घरी येऊन चपला काढेपर्यंत भीती पुन्हा दारात उभी. मग प्रार्थनेच्या गटातल्या मावशींनी तिला बाजूला घेतलं. "पाळकसाहेबांचं खरंच आहे. पण तोंडाने गेलेला शब्द त्याच तोंडाने मागे यावा लागतो. नाहीतर एक दार उघडं राहतं."

काल दुपारपासून पोट गप्प होतं. डॉक्टरांनी ठोके ऐकवले, बाळ झोपलंय म्हणाले. रात्रभर ती कुशीवर पडून मोजत राहिली आणि मोजायला काहीच मिळालं नाही. सकाळी दोनदा हललं, पण इतकं हळू की तिला वाटलं, ते निरोप घेतंय.

"मी वहिनींकडे जाते," मोरीवरून उठत ती म्हणाली.

नवऱ्याने मान खाली घातली. "वहिनींची तब्येत बरी नाही म्हणत होता दादा. घशाचं काहीतरी."

"कधी म्हणाला?"

"झाले तीन-चार महिने. तुला कशाला सांगायचं, म्हटलं."

जावेच्या दाराशी ती बराच वेळ बेल न वाजवता थांबली. चौकटीचे चारही कोपरे काळपट झाले होते. बोट लावून पाहिलं तर चिकट लागलं. तेलावर तेल, कितीतरी थर. या घराला कोणाची भीती? तिला काही सुधरेना. तेवढ्यात दार उघडलं.

मोठी जाऊ वाळली होती. गळ्यावर आडवा, गुलाबी व्रण. तिने धाकटीच्या पोटाकडे पाहिलं आणि आत यायची खूण केली.

"वहिनी, मी भांडायला नाही आले. तेवढा शब्द मागे घ्या. तुमच्या पाया पडते."

जावेने टेबलावरची वही ओढली. चर्चच्या गायनात जिचा आवाज सगळ्यांच्या वर चालायचा, ती पेन्सिलीने लिहीत होती.

'गाठ काढली. आवाज गेला.'

"मला माहीत नव्हतं."

'त्या संध्याकाळी तू काय म्हणाली होतीस?'

तिने आठवून पाहिलं. सासूबाईंना तुम्ही तहानलेलं ठेवलंत, असं ती चारचौघांत बोलली होती, ते आठवलं. मग जावेचं वाक्य. त्यानंतरचं काही नाही.

जावेने न थांबता लिहिलं. इतकं पाठ असावं. 'वहिनी, वाचा बसो तुमची.'

धाकटीने खुर्चीची पाठ धरली.

'डॉक्टर म्हणतात, नस दुखावली. पाळक म्हणतात, शाप वगैरे काही नाही. मला रोज तुझा आवाज ऐकू येतो.'

अडीच वर्षं ती या बाईला भीत होती, आणि ही बाई इथे दारा-खिडक्यांना तेल लावत तिला भीत होती.

"मागे घेते," ती म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हणाली. "प्रभूच्या नावाने मागे घेते, वहिनी. आणि सासूबाईंना तुम्ही तहानलेलं ठेवलं नव्हतं. चार वर्षं चमच्याने पाणी पाजलंत. मला तेव्हाही माहीत होतं."

जाऊ वहीकडे वळली. मग पेन्सिल उचलू लागली.

"लिहू नका. तोंडाने म्हणा. येईल तसं."

जावेने पेन्सिल खाली ठेवली. जवळ येऊन तिच्या पोटावर तळहात टेकवला, डोळे मिटले. ओठ हलू लागले. नुसती हवा येत होती, अधूनमधून एखादी घरघर. धाकटी त्या ओठांवर नजर रोवून शब्द शोधत होती. पाळणा सापडेना, प्रभूचं नाव सापडेना. हे मागे घेणं होतं की तेच वाक्य पुन्हा, कळायला काहीच मार्ग नव्हता. तळहात मात्र गरम होता, आणि तिने तो बाजूला केला नाही.

ओठ थांबले. जावेने डोळे उघडले आणि तिच्याकडे पाहिलं.

"आमेन," धाकटी म्हणाली.