बंद सुटलेली पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. बसा, पण माझ्या चाकाला टेकू नका; आता सोसवत नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी काळी कुळकुळीत होते. एका शिंपीणबाईंकडे वीस वर्षे राबले. पुढे त्यांनी मला शाळेला दिले आणि मुलांना शिवण शिकवायला स्वतःही येऊ लागल्या. मुलांनी वस्तू स्वतः करावी आणि स्वतः विकावी, असा तो वर्ग. ऐकायला छान! प्रत्यक्षात मुले दोन टाके घालत, उरलेली पिशवी आया पुरी करत. विक्रीच्या दिवशी त्याच आया त्याच पिशव्या विकत घेत. टाळ्या पडत. मला या नाटकाचा अगदी वीट आला होता.

यंदा सातवीतल्या एका मुलीने आईला पिशवीला हातच लावू दिला नाही. सतत भुणभुण करते म्हणून तिला सगळे भुंगा म्हणत. तिची वाकडीतिकडी पिशवी शाळेचे नळ दुरुस्त करणाऱ्या प्लंबरकाकांनी हत्यारांसाठी घेतली.

चौथ्या दिवशी काका लंगडत परत आले. बंद सुटून पाना थेट पायावर पडला होता.

"शोभा झाली शाळेची!" मुख्याध्यापक म्हणाले. "पुढच्या वर्षी तयार पिशव्याच आणू. ही मशीन काढा भंगारात."

मी इतकी थकले होते, की मला ते ऐकून बरेही वाटले. पण भुंग्याचे डोळे भरून आले.

"काका, खूप लागलं का?"

"लागलं तर! अंगठा टम्म सुजलाय."

"माझं चुकलं. द्या, कुठं उसवलीय बघते."

तिला न्यायला आलेली आई लगेच पुढे झाली. शिंपीणबाईंनी तिचा हात धरला. "राहू द्या ताई. गिऱ्हाईक तिचं आहे."

बंदाच्या टोकाशी मागे येऊन टाका पक्का करायचा असतो. भुंग्याने दोरा तसाच तोडला होता. तिला चूक दिसली. तिने मला तेल दिले आणि टोके चार-चार वेळा शिवली. काकांनी सगळी हत्यारे भरून पिशवी उचलली. भुंग्याने खाली हात धरला होता. तो तिने हळूच काढून घेतला. बंद टिकला.

"माझ्या जोडीदारालाही एक शिव," काका म्हणाले, "पण पहिल्यांदाच पक्की!"

मुख्याध्यापकांनी पुन्हा भंगाराचे नाव काढले नाही.

मित्रांनो, मला अधूनमधून तेल देत जा, एवढे मागणे आहेच. आणि तुमच्या हातचे काही उसवले, तर ते तुम्हीच मागून घ्या आणि माझ्याकडे या. कितीही दमले असले, तरी त्या कामाला मी नाही म्हणणार नाही.