पारा एकशेसाठवर थांबला

मी एक जुना रक्तदाबमापक आहे. कानडी मुलखात, चामराजपेटेतल्या एका लहानशा प्रसूतिगृहात माझा मुक्काम. पत्र्याची पेटी, काचेची नळी, तिच्यात चकाकणारा पारा आणि दंडाला गुंडाळायचा पट्टा, एवढाच माझा संसार. बावीस वर्षांत किती गरोदर मातांचे दंड मी धरले, याची गणतीच नाही! निपाणीहून आलेल्या महानंदा सिस्टर माझ्यावरच शिकल्या. "खोटं बोलायचा नाही हा," असे त्या कौतुकाने सांगत.

मग बॅटरीवरचे नवे यंत्र आले आणि मी कपाटावर गेलो. मित्रांनो, खरे सांगतो, फार वाईट वाटले.

गेल्या श्रावणात आठव्या महिन्यातली गौरी सासूबाईंबरोबर आली. पाय सुजलेले, चेहरा ओढलेला. "स्वल्प डोकं दुखतंय," ती म्हणाली. नव्या यंत्राने दाब खूप वाढल्याचे दाखवले. सासूबाई अहल्याक्का हसल्या.

"बॅटरीचं यंत्र ते, काहीही दाखवतं. पाय तर माझेही सुजले होते की! उद्या हिची मंगळागौर आहे. परवा येतो, सरी? चालेल ना?"

सिस्टरांनी मला खाली काढले, धूळ पुसली. गौरीला पाच मिनिटे शांत बसवून पट्टा बांधला. पारा चढला, हळूहळू उतरू लागला. वरचा एकशेसाठ, खालचा एकशेदहा!

"अक्का, आता दोघंही तेच सांगतायत," सिस्टर म्हणाल्या. "दाब असा चढला की बाळाला रक्त पुरत नाही. प्राणवायू कमी पडला तर त्याच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हिच्याही जिवाला धोका आहे. आत्ताच मोठ्या दवाखान्यात चला."

अहल्याक्कांचे हसू मावळले. त्या स्वतः रस्त्यावर धावल्या आणि ऑटो थांबवून आल्या.

दुसऱ्याच दिवशी गौरीची प्रसूती करावी लागली. मुलगी झाली, अवघी पावणेदोन किलोची. तीन आठवडे ती काचेच्या पेटीत होती आणि साऱ्यांच्या जिवाला घोर होता.

सहा महिन्यांनी अहल्याक्का नातीला कडेवर घेऊन आल्या. नाव आश्लेषा. डॉक्टरांनी तपासून सांगितले होते, मेंदूची वाढ अगदी नीट आहे. पोरीने माझा रबरी फुगा असा पकडला की सोडेचना!

"परवा आलो असतो तर, सिस्टर?" अहल्याक्कांचे डोळे भरून आले. त्या क्षणी माझा पट्टा हवा न भरताच फुगला.

मित्रांनो, मला वरचेवर पुसा, वर्षातून एकदा तपासून घ्या. आणि घरात कुणी बाळाची वाट पाहत असेल, तिचे डोके दुखले, तोंड सुजले, बाळाची हालचाल मंदावली, तर 'होतं असं' म्हणू नका. तिला त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन या. मी जागेवरच आहे.