सासऱ्यांचं मत

लोकमत गोळा करण्याच्या नोकरीत तिला चार महिने झाले होते. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा, मध्ये आपलं काही घालायचं नाही. ती स्वतः लग्न होऊन परदेशातून इथे आलेली, पण भाषा अशी उचलली होती की कुणाला शंका येत नसे. "बाहेरच्यांनी नुसता उच्छाद मांडलाय," असं तिलाच सांगून वर लोक अगत्याने पाणी विचारत.

एका मंगळवारी यादीत तिच्याच घराचा नंबर निघाला.

"घरच्यांना तू विचारायचं नाहीस," पर्यवेक्षक बाई म्हणाल्या. "मी विचारते, तू फक्त खुणा कर."

सासरे खिडकीपाशी चष्मा पुसत बसले होते. चाळीस वर्षं कारखान्यात लेथ चालवलेला माणूस. कामात सुताइतकाही फरक खपवून घेत नसे. सुनेवर मात्र जीव.

"आपल्या देशाचा माणूस कशावरून ओळखावा?" बाईंनी वाचलं.

"कष्टावरून. आणि तो रांग मोडत नाही यावरून."

"बाहेरून कामासाठी येणाऱ्यांना परवानगी द्यावी का?"

"बंद करा सगळं. घुसतात हो मध्येच."

तिचं पेन थांबलं. तिचा धाकटा भाऊ परिचारक होता. इथे कामाला येण्यासाठी तिकडे तीन वर्षं अर्ज करून, मागतील ते कागद देऊन, रांगेतच उभा होता. ती न राहवून बोलली, "बाबा, आणि माझा भाऊ?"

"तो कुठला बाहेरचा? आपलाच की!"

"सरकारच्या लेखी बाहेरचाच आहे."

सासरे चपापले. बाई हळूच म्हणाल्या, "उत्तर बदलायचं असेल तर बदला. अजून खूण केलेली नाही."

त्यांनी चष्मा चढवून सुनेकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाले, "पोरी, तुझ्यासाठी खोटं बोलू? मला वाटतं ते हेच. त्याच्यापुरतं वेगळं लिहून घ्या ना."

"तसा रकाना नाही, काका."

"मग राहू दे आहे तेच."

खोलीत तिघंच, दारही सताड उघडं. पण प्रश्नावली तिच्या हातात, तिला उठून जायची सोय नव्हती. तिने स्वतःच्या हाताने खूण केली.

तीन महिन्यांनी सरकारने लोकांच्या इच्छेला मान देऊन कामाचे परवाने थांबवले. सासऱ्यांनी दोन दिवस बसून, तिच्याकडून शुद्धलेखन तपासून, खात्याला पत्र लिहिलं: मुलगा कष्टाळू आहे, घरचा आहे. उत्तर आलंच नाही.

तिने भावाला फोनवर त्या पत्राचं सांगितलं. तो म्हणाला, "माझ्यासाठी एवढं कोण करतं गं? माझा नमस्कार सांग त्यांना."

"काय म्हणतो?" सासऱ्यांनी अधीरतेने विचारलं.

ती म्हणाली, "तुम्हाला नमस्कार सांगितलाय."