तिन्ही सारख्याच

आमच्या घरात भाजी चांगली की वाईट ते बायको ठरवते, कपडा चांगला की वाईट ते मुलगी ठरवते, आणि आवाज चांगला की वाईट ते मी ठरवतो. ही वाटणी कुणी केली माहीत नाही, पण मला ती मान्य आहे. कपबशांच्या कारखान्यात माझं कामच ऐकायचं आहे. भट्टीतून निघालेला कप डाव्या हाताच्या बोटांवर तोलायचा आणि उजव्या हातातल्या लाकडी दांडीने त्याच्या कडेवर हलकेच मारायचं. खणखणीत वाजला तर उजवीकडे, पॅकिंगला. बद्द वाजला तर डावीकडे, भंगारात. डोळ्याला न दिसणारा तडा कानाला कळतो. कारखान्यात सगळे मला कानकाका म्हणतात आणि मीही त्याला ओ देतो.

गेले काही महिने मात्र दुकानदारांच्या तक्रारी येत होत्या. खोकी उघडली की आत तडा गेलेले कप निघत होते. साहेबाने मला विचारलं तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं, माझ्या टेबलावरून कप धड जातो, पुढचं पुढच्याला विचारा. पुढचा म्हणजे पेंढ्या. खोक्यात पेंढा भरून कप लावतो म्हणून पेंढ्या. माणूस वाईट नाही, पण तोंडातल्या तोंडात बोलतो. माझ्या टेबलापाशी येऊन काहीतरी पुटपुटतो, मी हो हो म्हणतो आणि तो जातो. साहेबाने सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं होतं. मी माझं म्हणणं पुन्हा एकदा सांगायचं आणि पेंढ्याने घरी जायचं, हे सगळ्या शेडला कळून चुकलं होतं. मला वाईट वाटत होतं, पण आपल्या कामात हयगय करणाऱ्याला मी काय करणार?

सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवणं झाली आणि मुलीने मला हाक मारली. ती लहान मुलांच्या शाळेत शिकवते. कालवा करणाऱ्या पोरांना एका जागी बसवायला तिच्याकडे युकुलेले आहे. गिटारचं शेंडेफळ म्हणावं एवढंसं वाद्य, चार तारांचं. तारा आपल्या म्हणायच्या, तारेचा पत्ता नाही, सगळं प्लास्टिक. शाळेतल्या सगळ्या युकुलेल्यांच्या तारा बदलायच्या होत्या, म्हणून तिने आधी तीन जातींच्या तारा मागवल्या, शाळेतून एकसारखी तीन वाद्यं आणली आणि प्रत्येकावर एकेक संच चढवला. नव्या तारा ताणल्या जातात, सुरात राहत नाहीत, त्यामुळे आठवडाभर रोज संध्याकाळी ती खुंट्या पिळत बसली होती. आता त्या स्थिरावल्या होत्या.

"बाबा, जरा तुमचा कान द्या," ती म्हणाली. "चुकीच्या आणल्या तर वर्षभर मलाच ऐकायच्यात."

मी खुर्ची ओढून ऐटीत बसलो. तिने माहिती दिली. पहिल्या साध्या नायलॉनच्या. दुसऱ्या मासे धरायच्या गळाला जी दोरी लावतात, त्याच जातीच्या. तिसऱ्या पांढरट, पूर्वी जनावरांच्या आतड्याच्या तारा असत त्यांची नक्कल. मग तिने तिन्हींवर एकच धून वाजवली.

"कुठली?"

"पुन्हा वाजव."

तिने पुन्हा वाजवली. मी डोळे मिटले, मान तिरकी केली, माझ्या टेबलावर करतो ते सगळं केलं. टुंग टुंग, टुंग टुंग, टुंग टुंग. मला तिन्हींत काडीचा फरक वाटेना. पोरगी मला बनवतेय अशी मला शंका आली. लहानपणी हिने घड्याळाचे काटे पुढे करून मला भल्या पहाटे कामावर पाठवलं होतं, तेव्हा हिचा भरवसा नाही.

"तिन्ही सारख्याच आहेत," मी निकाल दिला. "पाकिटं तीन, माल एक. गंडवलंय तुला."

बायको दारात बसून मटार सोलत होती. ती हसली. "अहो, सारख्या कशा? पहिली गोड आहे, पण दबलेली. मधली चांगली खणखणीत. तिसरी ना इकडची ना तिकडची."

हिच्या गाण्यापेक्षा कुकरची शिट्टी सुरात असते, हे मी तिला लग्न झाल्यापासून सांगत आलोय. ती आता मला आवाज शिकवणार? म्हटलं, बाता नकोत, परीक्षा घेऊ. मुलीला तीन वाद्यं घेऊन दाराच्या पलीकडे बसवलं, बायकोचं तोंड भिंतीकडे केलं. मुलगी मनाला येईल ते वाद्य उचलून वाजवायची आणि बायको मटार सोलता सोलता सांगायची, मधली, पहिली, मधली, तिसरी. एकदाही चुकली नाही. मला वाटलं दाराच्या फटीतून आरशात दिसत असेल. आरशावर टॉवेल टाकला. तरी चुकली नाही.

मग मी भिंतीकडे तोंड करून बसलो. माझं एकदा बरोबर आलं, तेही अंदाजपंचे. मी म्हणालो, दाराने आवाज अडतोय. दार उघडलं. मी म्हणालो, पंखा बंद करा. पंखा बंद केला. सगळे घामाघूम झालो आणि माझी उत्तरं तशीच चुकत राहिली.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बायको म्हणाली.

मुलगी मात्र आता हसत नव्हती. "बाबा, मधली इतकी वेगळी आहे. शाळेतली पोरंसुद्धा ओळखतात."

"टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून मी कधीची कानीकपाळी ओरडतेय," बायको म्हणाली. "एकदा डॉक्टरकडे जाऊन या."

माझं डोकं फिरलं. या कानावर कारखाना चालतो, असं काहीतरी मी जोरात बोललो आणि चहा करायला स्वयंपाकघरात गेलो. रागात असलो की मी चहा करतो, त्यात साखर जास्त पडते.

फळीवर निळ्या काठाचे नवे कप होते. मागच्या महिन्यात मीच आणलेले. कामगारांना स्वस्तात मिळतात, म्हणून माझ्या टेबलावर मी स्वतः वाजवून, निवडून घेतले होते आणि माझ्याच पंच्यात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर धरून आणले होते. त्यातला एक काढला तर मागून मुलगी म्हणाली, "तो नको, तो बद्दवाला आहे."

"कसला बद्दवाला?"

"तडा आहे त्याला. आम्ही तो वापरत नाही."

"आणला त्या दिवसापासून तसाच वाजतोय," बायको म्हणाली. "मी सांगितलं होतं तुम्हाला."

"मला? कधी?"

"त्याच दिवशी. तुम्ही हो म्हणालात."

मी लाकडी डावाच्या दांड्याने तो कप वाजवला. चांगला वाजला. शेजारचा वाजवला. तोही तसाच वाजला. मुलीने माझ्या हातून दांडा घेतला आणि दोन्ही वाजवले. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. पहिल्याला तिच्या कपाळावर आठी पडली, दुसऱ्याला पडली नाही. तेवढाच फरक मला कळला.

कारखान्यात वाद झाला की आम्ही कपाला शाई फासतो. मुलीच्या दप्तरातली निळी शाई कापसाच्या बोळ्यावर घेतली, कपाला आतून बाहेरून चोळली आणि फडक्याने पुसून काढली. काठापासून कानापर्यंत केसाएवढी निळी रेघ तशीच राहिली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी तो कप टेबलावर ठेवला आणि खाली बसलो. चहा उतू गेला तो बायकोने पुसला.

कान गेल्याचं वाईट वाटायला मला बराच वेळ लागला. आधी पेंढ्या आठवला. हा कप त्याच्याकडे गेलाच नव्हता. त्याचा पेंढा नाही, त्याचं खोकं नाही, ट्रक नाही, हमाल नाही. माझ्या टेबलावरून माझ्या घरात आला होता आणि आला तेव्हाच फुटका होता. घरी आणलेल्या अर्ध्या डझनात एक असा, तर खोक्यांमधून किती गेले असतील, याचा हिशेब करायची मला हिंमत झाली नाही.

आणि खरं सांगायचं तर दुसराही विचार आला. मी गप्प बसलो तर हे बाहेर कुणाला कळणार आहे? निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. ऐकण्याव्यतिरिक्त मला दुसरं काही येत नाही. ऐकू न येणाऱ्या कानकाकाला कोण ठेवून घेणार? पेंढ्याला दुसरीकडे काम मिळेल, तो तरुण आहे, असं मी स्वतःला दोनतीनदा समजावलं. माझी मलाच लाज वाटली, तरी समजावत राहिलो.

संध्याकाळी बायको भाजी फोडणीला टाकत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या पेंढ्याची धाकटी अजून रांगतेय, नाही का?"

मला ते पहिल्या वेळी ऐकू आलं नाही. माझी मान मात्र हलली होती. काय म्हणालीस, असं मी विचारलं तेव्हा तिने गॅस बारीक केला आणि वळून, तोंडासमोर येऊन तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

सकाळी निघताना मुलगी शाळेसाठी मधल्या तारांचे संच फोनवरून मागवत होती. या वेळी तिने मला विचारलं नाही. बरोबरच होतं, पण लागलं. मी तो कप पंच्यात गुंडाळून पिशवीत घातला.

आमचा साहेब माझ्या मागाहून आलेला, म्हणजे अगदी कानामागून आला आणि तिखट झाला, पण ऐकून घेतो. केबिनमध्ये पेंढ्या आधीच येऊन दाराशी उभा होता. धुतलेला शर्ट घालून आला होता. मी खुर्चीवर बसलो नाही. कप काढून साहेबाच्या टेबलावर ठेवला.

"हा वाजवा."

साहेबाने पेनाने वाजवला आणि तोंड वाकडं केलं. "बद्द आहे की."

"हा मी पास केलाय," मी म्हणालो. "माझ्या टेबलावरून माझ्या हाताने घरी नेलाय. पेंढ्याने याला हातही लावलेला नाही. मला हा चांगला वाजतो. मला सगळेच चांगले वाजतात. फुटके कप माझ्याकडून जाताहेत, साहेब. याला काढू नका."

एवढं बोलून झाल्यावर मात्र खुर्ची ओढली. साहेबाने निळी रेघ उजेडात धरून पाहिली, कप खाली ठेवला. मग त्याने पेंढ्याला विचारलं, "आणि तू रे? रोज एवढे कप हाताळतोस. एकमेकांवर आपटले की वाजतात. तुला कधी कळलं नाही?"

पेंढ्याने जमिनीकडे बघत काहीतरी सांगितलं. त्याचे ओठ हलताना मला दिसले. माझी मान हो म्हणायला निघाली होती, सवयच ती. मी ती थांबवली.

"काय म्हणाला?" मी साहेबाला विचारलं. "मला ऐकू आलं नाही."

हे वाक्य मी आयुष्यात कारखान्यात कधी बोललो नव्हतो. साहेबाने माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "तो म्हणतोय, बद्द कप हाताला लागला की तो दर वेळी तुमच्याकडे घेऊन यायचा. सांगायचा की काका, हा वाजत नाहीये. तुम्ही हो म्हणायचात. मग तो भरायचा."

पेंढा कपड्यांना लागलेला, हातात एखादा कप, असा पेंढ्या माझ्या टेबलापाशी किती वेळा येऊन उभा राहिला होता. मला वाटायचं, किती चांगले निघालेत ते दाखवायला येतो.

"मग मला येऊन का नाही सांगितलंस?" साहेबाने त्याला विचारलं. "नोकरी जायची वेळ आली तरी?"

पेंढ्या माझ्याकडे वळला आणि पहिल्यांदाच मला ऐकू येईल असं बोलला. "काकांनी हो म्हटल्यावर मी कोण? म्हटलं, आपलाच कान खराब असेल."

साहेब म्हणाला, माझं काय करायचं ते तो वरच्यांशी बोलून ठरवेल, आणि तोवर टेबल रिकामं ठेवता येणार नाही. आम्ही दोघं शेडमध्ये आलो. मी माझ्या स्टुलावरची गादी झटकली, पेंढ्याला बसवलं, दांडी त्याच्या हातात दिली. ती कशी सैल धरायची ते दाखवलं आणि बाजूला उभा राहिलो. भट्टीवरून कपांची पहिली फळी आली.

त्याने कप उचलला, वाजवला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नकोस," मी म्हणालो. "डावीकडे की उजवीकडे, ते तू सांग. आणि मोठ्याने सांग."

त्याने कप पुन्हा वाजवला. घसा खाकरला.

"डावीकडे," तो म्हणाला.

मी कप घेतला आणि डावीकडे ठेवला.