डोलोन घाटात माझा श्वास कोंडला

मी एक जुनी पांढरी प्रवासी व्हॅन आहे, मित्रांनो, आणि आज मी भयंकर चिडलेली आहे. गोडगोड गोष्ट ऐकायची असेल तर शेजारच्या घोड्याकडे जा.

माझा जन्म लांबच्या मुलखातल्या एका कारखान्यात झाला. तिथे मी पाव पोचवायचे. वय झालं म्हणून त्यांनी मला विकलं आणि मी डोंगरातल्या नारिन शहरात झानिबेक ड्रायव्हरकडे आले. तेव्हापासून नारिन ते राजधानी बिश्केक, मधे डोलोन घाट, हिवाळा असो की उन्हाळा. नवऱ्या आणल्या, मेंढ्या आणल्या, शिकायला निघालेली पोरं आणि त्यांच्या आयांनी दिलेली कुरुतची, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची, पोती वाहिली. लोक म्हणायचे, "झानिबेकची गाडी निघाली म्हणजे पोचलीच!" ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

यंदा बर्फ वितळलं आणि घाटात माझा दम तुटू लागला. सपाटीवर मी ठीक असायचे. चढ लागला की ताकद गायब आणि मागून काळाकुट्ट धूर. एक आजीबाई मागून ओरडल्या, "काय रे झानिबेक, माझी गाय याहून लवकर चढली असती! उतरून ढकलू का?" सगळी गाडी हसली. झानिबेकचं तोंड उतरलं, आणि राग काढला त्याने माझ्या गिअरवर.

आम्हाला बोलता येत नाही, मित्रांनो. धूर हीच आमची भाषा. निळा आला तर तेल जळतंय. पांढरा येतच राहिला तर डिझेल नीट पेटत नाही, नाहीतर आत पाणी शिरलंय. काळा म्हणजे डिझेल भरपूर आहे, हवा कमी पडतेय. मी रोज काळ्या धुराने कंठशोष करत होते. पण ऐकतो कोण?

बुरुल ही झानिबेकची बायको, आणि तालाय तिचा धाकटा भाऊ. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला.

"दाजी, डिझेलमध्ये भेसळ आहे," तो म्हणाला. टाकी रिकामी झाली. धूर तोच.

"दाजी, मग इंजेक्टरच गेले." डिझेल फवारणारे माझे चांगले धडधाकट इंजेक्टर उपटले, दुसरे बसवले. धूर तोच.

फिल्टर काढून झटकला आणि "साफ आहे" म्हणून परत ठोकून बसवला. त्याच्याकडे हवा आणणाऱ्या नळीत मात्र कोणी डोकावलं नाही. शेवटी शेजारणीने आर्चाच्या, म्हणजे आमच्या डोंगरातल्या सुगंधी झाडाच्या, फांद्या पेटवून माझ्याभोवती फिरवल्या. मला दृष्ट लागली होती म्हणे. गुदमरलेलीला आणखी धूर!

"दाजी, म्हातारी झाली ही. रविवारी बाजारात सुटे भाग करणाऱ्याला देऊन टाका."

झानिबेकने मान डोलावली. माझे दरवाजे एका गावाला, चाकं दुसऱ्या गावाला. इतकी वर्षं राबले त्याचं हे फळ. मी नुसती धुमसत होते.

शनिवारी बुरुल आली. मला निरोप द्यायला नव्हे, तिचा नमदा न्यायला. आमच्याकडची थंडी अशी की रात्री बॉनेटखाली इंजिनावर दाबलेल्या लोकरीचा हा जाड नमदा पांघरतात. सकाळी तो काढायचा असतो. झानिबेकला घाई असली की तो तसाच राहायचा. हा बुरुलने स्वतःच्या हाताने केला होता. तिने तो उलगडला आणि कडाडली.

"अहो! याचा कोपरा कुठाय?"

"उंदराने नेला असेल."

"एवढा? उंदीर होता की लांडगा?"

तिने बॉनेटखाली डोकं घातलं. हवेच्या नळीच्या तोंडाशी लोकरीची तुसं दिसली. बाही सरसावून तिने कोपरापर्यंत हात खुपसला आणि ओढला. भिजून फुगलेला काळा बोळा बाहेर आला: नमद्याचाच कोपरा, माझ्या श्वासाबरोबर आत ओढला गेलेला.

झानिबेकने किल्ली फिरवली. मी पोटभर श्वास घेतला आणि गावामागचा चढ एका दमात चढले. मागे धुराचं नाव नाही.

संध्याकाळी शेजारी जमले. झानिबेक ऐटीत सांगू लागला, "मी म्हटलं नव्हतं? नवे इंजेक्टर बसले की पळणारच!"

त्याच्या पायावरून चाक न्यावं असं मला वाटलं! पण बुरुल पुढे झाली. तो बोळा तिने सुतळीने आतल्या आरशाला बांधला, बरोबर त्याच्या नाकासमोर.

"हा काढायचा नाही. विचारेल त्याला खरं सांगायचं. तुम्हाला जमत नसेल तर मी रोज गाडीत बसून सांगेन."

परवा घाटात एका प्रवाशाने विचारलं, "दादा, हे काय लोंबतंय?"

झानिबेकने गिअर बदलला. मग म्हणाला, "माझी गाडी गुदमरत होती, आणि मी तिला म्हातारी म्हणत होतो."

माझा राग निम्मा उतरला. निम्मा अजून आहे, मित्रांनो. तुमची जुनी गाडी धापा टाकू लागली तर तिचं वय मोजत बसू नका. धुराचा रंग बघा, नळ्या उघडा, हात काळे होऊ द्या. आणि मायेने अंगावर काही घातलंत, तर सकाळी आठवणीने काढा.