लाल पट्ट्यातली पोर

दोन वर्षांची असताना प्रेरणाचं वजन कमी भरलं. अंगणवाडीताईंनी तक्त्यावर तिचा ठिपका लाल पट्ट्यात मांडला. त्या लाजेनं सारिकानं लेकीला पुन्हा वजनाला नेलंच नाही. घरीच भरवत राहिली.

(इथे सात वर्षं जातात. ताकदीची पावडर घातलेलं दूध, तूप-साखर-चपाती, चिप्स. परत दूध.)

आज मायलेकी मार्गासनीहून भोरच्या दवाखान्यात आल्या. नऊ वर्षांच्या प्रेरणाचा काटा अठ्ठेचाळीस किलोवर थांबला.

"रक्तात साखर वाढायला लागलीय," डॉक्टर म्हणाल्या. "खाणं आवरा."

"मॅडम, लाल पट्ट्यातली पोर हाय ती. कमी कसं करू?"

"लाल? कधी होती?"

सारिकानं सांगितलं.

"अहो, ते तेव्हाच सहा महिन्यांत भरून निघालं असेल."

सारिका लेकीकडं बघतच राहिली. मघाशी एकच जिना चढलेल्या प्रेरणाची धाप अजून थांबली नव्हती.