भेग वाढते का?

तिसरीच्या बाईंनी तो पाठ हौसेनं आखला होता. उत्तर आपण सांगायचं नाही. प्रश्न मुलांनी काढायचा, मोजायचं त्यांनी, शोधायचंही त्यांनीच. प्रश्न काढला भिंगरीनं. एका जागी न बसणाऱ्या या पोरीला सगळी शाळा याच नावानं ओळखायची. फळ्याशेजारच्या भेगेवर बोट ठेवून ती म्हणाली, "बाई, ही वाढते का?"

बाईंनी घरी सासऱ्यांना विचारलं. त्यांनी जन्मभर गवंडीकाम केलेलं.

"भेगेवर आडवी प्लास्टरची पातळ पट्टी ओढ. ती तडकली तर भिंत हलतेय."

मुलांनी तीन पट्ट्या ओढल्या, शेजारी तारीख घातली. दोन दिवस काहीच झालं नाही, मुलं कंटाळली. तिसऱ्या दिवशी वरच्या पट्टीत केसाएवढी चीर दिसली. वर्गानं टाळ्या पिटल्या. बाईंनी चिरेवरून बोट फिरवलं.

संध्याकाळी सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "वरची तडकली? तिच्यावर काय आहे?"

"तुळई."

"मग उद्या पोरांना त्या खोलीत बसवू नकोस."

सकाळी बाई आधी मोठ्या बाईंकडे गेल्या. त्या वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "अहो, ती भेग मी इथे लागल्यापासून आहे. तुमच्या प्रयोगापायी वर्ग बंद करू? पालकांना काय सांगू?"

बाई वर्गावर आल्या तर घंटा होऊन मुलं आत बसलेली.

"बाई, मधलीपण तुटली," भिंगरी म्हणाली. तिच्या खांद्यावर पांढरी भुकटी पडली होती.

"आज मैदानात मोजायचंय," बाई शक्य तितक्या शांतपणे म्हणाल्या. "वह्या राहू देत. रांगेत चला."

बाहेर त्यांनी डोकी मोजली. तीस. पुन्हा मोजली. तीसच. एक कमी.

बाई धावत सुटल्या. भिंगरी भिंतीपाशी उभी राहून वहीत तारीख लिहीत होती. त्यांनी तिला दंडाला धरून ओढत बाहेर आणलं. पोर रडायला लागली तरी हात सोडला नाही. मग त्याच भिंतीपलीकडचा चौथीचा वर्ग आठवला आणि त्यांनी तिथलं दार बडवलं.

मोठ्या बाई तणतणत आल्या. पण दोन्ही वर्ग मैदानात पाहून त्यांनी इंजिनिअरला फोन केला. तो आला, दारातूनच वर बघून हलक्या आवाजात म्हणाला, "सगळ्यांना अजून मागे घ्या."

दुपारी तुळईचं टोक खचलं. छत पहिल्या तीन बाकांवर बसलं. आत कोणी नव्हतं. मोठ्या बाई पायरीवर बसून राहिल्या. मग त्यांनी बाईंचा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरला. आत पाऊल टाकताना बाईंची नजर आपोआप वर गेली. मागून येणाऱ्या एकतीस मुलांनीही माना वर केल्या.